तिसऱ्या अंकाची नक्कल

१९५८ साल, दसऱ्याच्या आधीचा रविवार, सकाळी साडेदहाची वेळ. रक्कम तीन हजार रुपये. ठिकाण धाराशिवात अनंत मास्तरांचं घर, पुढची खोली. हजर माणसं चार : कैलासवासी मास्तरांच्या पत्नी इंदिरावहिनी, पुण्याच्या एका चित्रपट कंपनीचे मॅनेजर, जिल्हा कोर्टातले नकलनवीस शंकरराव बेंबळीकर, आणि आमच्या हौशी नाटक मंडळाचा खजिनदार म्हणून मी. पाचवा माणूस हजर असायला हवा होता, तो म्हणजे बाबू पोस्टमन. त्याला बोलवायचं कुणालाच सुचलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढं जे झालं त्यातला निम्मा दोष या न बोलावण्याचा आहे, आणि उरलेल्या निम्म्यातला मोठा वाटा माझा.

शंकररावांना सगळा गाव मुन्शी म्हणायचा. निजामाच्या अमलात त्यांचं शिक्षण उर्दूत झालं, नोकरीही उर्दूत लागली. कोर्टातल्या निकालांच्या, जबान्यांच्या, खरेदीखतांच्या नकला करायच्या आणि प्रत्येक नकलेखाली ‘नक्कल मुताबिक असल’ असं लिहून सही करायची, हे त्यांचं काम. नक्कल अस्सल कागदाबरहुकूम आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण मुन्शी ते तीन शब्द असे लिहायचे की जणू कुणी हात पुढं करून शपथ घेतोय. विलीनीकरणानंतर कचेरीत मराठी आली. तेव्हा चाळिशी गाठलेला हा माणूस पाटीवर देवनागरी गिरवायला बसला. बोलणं मराठी, घर मराठी, देवपूजा मराठी. पण हातातून धावायची ती उर्दूच. देवनागरी अक्षर ते एकेक करून, विटा रचल्यासारखं मांडायचे आणि मांडताना स्वतःवरच चिडायचे.

चिडणं हा त्यांचा स्थायीभाव होता. काळी टोपी, गुडघ्याखाली येणारा जुना बंद गळ्याचा कोट, आणि कपाळावर कायमची आठी. एका वकिलानं एकदा त्यांना सांगितलं, “मुन्शीजी, त्या जबानीतली शेवटची ओळ तेवढी नकलेत राहून गेली तर काय बिघडतं? तुमचं मी बघतो.” मुन्शींनी अकरा पानांची तयार नक्कल त्याच्या देखत फाडली. “तुमची नजर पडली हिच्यावर, आता ही नापाक झाली,” म्हणाले आणि नवे कागद घेऊन पहिल्यापासून लिहायला बसले. त्या वकिलाला तीन तास बाकावर बसवून ठेवलं. कागदाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले, आणि ते भरल्याबद्दल पुन्हा आठवडाभर चिडलेले होते.

असा माणूस विनोदी नाटकाच्या मंडळात काय करत होता, असं कुणालाही वाटेल. ते आमचे प्रॉम्प्टर होते. अनंत मास्तरांनी ‘मामा मुक्कामाला’ हे नाटक लिहिलं, बसवलं आणि तिसऱ्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. गोष्ट साधी. एक भुकेला, भिडस्त माणूस चुकीच्या गावी मोटारीतून उतरतो. तिथं लग्नघर असतं. नवऱ्या मुलाचा मामा वीस वर्षांनी येणार म्हणून सगळे वाट बघत असतात. हाच तो मामा समजून त्याला आत नेतात, आणि पहिला घास पोटात गेल्यावर ‘मी तो नव्हे’ असं सांगायचं धैर्य त्याला होत नाही. पहिले दोन अंक मास्तरांनी मन लावून लिहिले होते. तिसरा शाळा तपासणीच्या आठवड्यात घाईनं उरकला. तो वाढला रंगमंचावर. आमच्या बाबूनं वाढवला.

बाबू मामाचं काम करायचा. दिवसा सायकलवरून टपाल वाटायचा, आणि धोतराचा सोगा खोचून रंगमंचावर आला की त्याच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसायचा. ईटच्या जत्रेतला प्रयोग मला नीट आठवतो. तिसऱ्या अंकात पंगतीचा प्रवेश चालू असताना आमची गॅसबत्ती फक्‌कन विझली. हजारभर माणूस अंधारात. शिट्ट्या सुरू झाल्या. आम्ही आत बत्तीबरोबर झटतोय, आणि अंधारात बाबूचा आवाज आला : “बत्ती ऱ्हाऊ द्या वं! कुनी मला वळखायच्या आत वाढून घ्या!”

लोक एवढे हसले की बत्ती लागल्यावरही दोन मिनिटं पुढचं वाक्य म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्शी आपली वही घेऊन बाबूच्या दारात हजर. मी बरोबर होतो.

“कालची ओळ सांगा.”

“कोंची वं मुन्शीजी?”

“बत्तीची.”

बाबू दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, “बत्ती गेली तर जाऊ द्या, मला वाढा...”

“झूठ!” मुन्शी कडाडले. “काल ‘ऱ्हाऊ द्या वं’ होतं. ‘मला वाढा’ नव्हतं, ‘वाढून घ्या’ होतं. हजार माणसांसमोर बोललात, आता तो दस्तऐवज झाला. सकाळी उठून फिरवता?”

“आवं, हसायचंच हाय की त्यात. कसंबी म्हनलं तरी हसत्यात लोक.”

“कसंही म्हटलं तर हसत नाहीत. म्हणून तर लिहून ठेवतो.”

आणि लिहून घेतलं. त्या वहीची रीत अशी होती : मास्तरांची मूळ ओळ काळ्या शाईत. प्रयोगात जन्मलेली ओळ लाल शाईत, आणि शेजारी समासात नटाचं नाव नि गावाचं नाव. नट अडखळले की मुन्शी विंगेतून कधीकधी मूळ वाक्यापेक्षा बरं वाक्य पुरवायचे. तेही लाल शाईत जायचं, समासात ‘राकिम’ असा शब्द घालून. राकिम म्हणजे लिहिणारा. स्वतःचं नाव त्यांनी कुठंच घातलं नाही. सगळी वही उर्दू लिपीत, कारण प्रॉम्प्टिंगच्या वेगाला त्यांची देवनागरी पुरत नसे. मराठी नाटकाची उर्दूतली वही, यात आम्हा मंडळींना कधी नवल वाटलं नाही. आम्ही सगळे त्याच शाळांतून आलो होतो. पुढच्या प्रयोगापासून त्या ओळीला आम्ही बत्ती मुद्दाम विझवू लागलो, आणि बाबूनं एक अक्षर इकडचं तिकडं केलं की मध्यंतरात त्याला विंगेत बोलणी खावी लागत. बाबू हसायचा. मुन्शींच्या शिव्या ऐकल्या की नाटक चांगलं होतं, असं म्हणायचा.

तिसऱ्या अंकातल्या ओळी मी मोजल्या होत्या, कारण मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एकूण तीनशे अठरा. काळ्या एकशे सात, लाल दोनशे अकरा. लालमधल्या बाबूच्या एकशे चाळीस, बाकी नटांच्या बावन्न, राकिमच्या एकोणीस.

आता त्या रविवारच्या बैठकीकडं येतो. कंपनीच्या मालकांनी आणि या मॅनेजरांनी सोलापूरला आमचा प्रयोग पाहिला होता आणि त्यांना त्यावर बोलपट काढायचा होता. मॅनेजर म्हणाले, “अंकाला हजार, तीन अंकांचे तीन हजार. निम्मे करारावर, निम्मे चित्र लागल्यावर.” वहिनी पदर सावरून भिंतीशी बसल्या होत्या. त्यांना दोन मुली. शाळा खाजगी, त्यामुळं पेन्शन नव्हतं. त्यांना अंबाजोगाईला जाऊन दोन वर्षांचा अध्यापनाचा वर्ग करायचा होता, म्हणजे पुढं मास्तरांच्याच पेशात पोटापुरतं कायमचं मिळालं असतं. हिशेब मीच मांडून दिला होता : तिघींचा खर्च महिना शंभर, चोवीस महिन्यांचे चोवीसशे, फी, पुस्तकं आणि खोलीचं डिपॉझिट मिळून साडेपाचशे. एकोणतीसशे पन्नास. तीन हजारांत बसत होतं, पन्नास रुपये शिल्लक राहून.

मॅनेजर चहा पिताना म्हणाले, “तिसरा अंक काय रंगतो हो! तिथं मास्तरांची लेखणी वेगळीच वाटते.”

आणि इथं मी तोंड उघडलं. मंडळाचा अभिमान, दुसरं काय! म्हणालो, “तिसरा अंक प्रयोगात वाढत गेलाय ना. पण आमचं काम पक्कं आहे. कुठली ओळ कुणाची, कुठल्या गावी आली, मुन्शींच्या वहीत सगळं नोंदलेलं आहे.”

मॅनेजरांनी कप खाली ठेवला. “असं होय! मग मास्तरांचं जेवढं, तेवढ्याचेच पैसे वहिनींना द्यायला हवेत, नाही का? आपला व्यवहार लेखकाशी. बाकीच्यांनी उत्स्फूर्त केलेलं ते काही कुणाच्या मालकीचं नसतं.”

म्हणजे बाबूच्या ओळी घ्यायच्या, पण त्या बाबूच्या आहेत म्हणून वहिनींचे पैसे कापायचे, आणि त्या बाबूच्या असल्या तरी बाबूला द्यायचे नाहीत. इतकी वर्षं मी सोसायटीच्या वह्या लिहितो. एकच रक्कम दोन्हीकडून खाणारा माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला. तो हसत होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्यांनी वही मागितली. उघडली, आणि उजवीकडून डावीकडं जाणारी ती लिपी पाहून त्यांचं हसू थोडं उतरलं. “हे काय? मराठी नाटक ना? ठीक आहे, वही पुण्याला नेतो, कुणाकडून तरी वाचून घेतो.”

मुन्शींनी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. “अस्सल कागद कचेरीबाहेर जात नाही. जिथं अस्सल तिथं मी.”

शेवटी ठरलं ते असं : मुन्शींनी पुण्याला येऊन वही वाचून दाखवायची, कंपनीचा लेखनिक देवनागरीत उतरवून घेईल. तिसरा अंक मास्तरांचा निघाला तर तीन हजार, नाही तर दोन.

मॅनेजर गेल्यावर मुन्शी माझ्याकडं वळले. वहिनींसमोर ते कधी आवाज चढवत नसत, म्हणून दातांतूनच बोलले. “हिशेबनीस, दोन हजारांत किती महिने होतात?”

“साडेचौदा,” मी म्हणालो.

“मग सांगा वहिनींना, साडेचौदा महिन्यांत मास्तरीण कशी होतात ते.”

वहिनी म्हणाल्या, “मुन्शीकाका, वहीत जे आहे तेच वाचा. ह्यांच्या नावावर दुसऱ्याचं नको.” त्यांनी हे एकदाच म्हटलं, आणि कप उचलून आत गेल्या.

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं निघालो. एस्टीनं येडशी, येडशीहून छोट्या गाडीनं कुर्डूवाडी, तिथून पुणे. वाटेत मुन्शी खिडकीशी वही मांडीवर घेऊन बसले होते. मनात काय ठरवलंय ते मला सांगितलं नाही. मला वाटत होतं ते तिथं जाऊन भांडतील. भांडणात त्यांना कुणी हरवलेलं मी पाहिलं नव्हतं.

वाचन चार दिवस चाललं. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर पेन्सिल घेऊन, शेजारी लेखनिक, समोर मुन्शी, त्यांच्या डाव्या हाताला मी. पहिले दोन अंक सरळ गेले. चौथ्या दिवशी तिसरा सुरू झाला आणि पहिली लाल ओळ आली. मला ती दिसत होती, समासातलं ‘बाबू, ईट’ही दिसत होतं. मुन्शींनी ती वाचली. बाबूच्या चालीत, बाबूच्या हेलात वाचली. लेखनिक हसून खाली वाकला.

“ही कुणाची?” मॅनेजर म्हणाले.

मुन्शींनी ओळीवर बोट ठेवलं.

“मास्तरांची.”

“पण शाई लाल आहे.”

“लाल म्हणजे मोठ्यानं म्हणायची.”

“आणि बाजूला लिहिलंय ते?”

“नटाला सूचना.”

पुढच्या पानावर मॅनेजरांनी बोट ठेवलं. “हा शब्द सारखा दिसतोय. हा काय?”

तो ‘राकिम’ होता. मुन्शी म्हणाले, “सावकाश.”

मॅनेजर मूर्ख नव्हते. त्यांनी पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. “तुम्हीही उर्दू शिकलेलेच ना? तुम्ही त्या दिवशी काही वेगळंच सांगत होतात. हे बरोबर वाचतायत का?”

मी आयुष्यात एका पैचा ताळा चुकवलेला नाही. मुन्शींनी माझ्याकडं पाहिलं नाही, वहीकडंच पाहत राहिले. मी म्हणालो, “बरोबर वाचतायत. त्या दिवशी मी ऐकीव बोललो.”

दोनशे अकरा ओळी मुन्शींनी एकेक करून मास्तरांच्या नावावर चढवल्या. संध्याकाळी देवनागरी प्रत तयार झाली तेव्हा मॅनेजरांनी ती पुढं सरकवली. “खरी प्रत म्हणून सही करा. तुमच्या कोर्टात जसं लिहिता तसंच.” मुन्शींनी उर्दूत ते तीन शब्द लिहिले. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. खाली सही केली. पंधराशेचा पहिला हप्ता माझ्या हाती आला, आणि आम्ही बाहेर पडलो.

पुणे स्टेशनवर एका चहावाल्यानं कप जरा कमी भरला. मुन्शी त्याच्यावर असे तुटून पडले की फलाटावर गर्दी जमली. “लुच्चे लोक! अर्धं देता आणि पूर्ण म्हणून सांगता! लाज नाही वाटत?” तो बिचारा कप भरून देत होता, तरी यांचं संपेना. मी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं.

धाराशिवला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते बाबूकडं गेले. पोस्टाच्या मागच्या दारी बाबू सायकलवर पिशव्या लादत होता. मी चार पावलं मागं उभा होतो.

“बाबूराव, तुमच्या एकशे चाळीस ओळी मी मास्तरांच्या नावावर लावल्या.”

बाबूनं सायकल भिंतीला टेकवली. “वैनीसाठी?”

“हो.”

“बरं केलं.” त्यानं पिशवीचा बंद आवळला. मग म्हणाला, “पर इचारलं न्हाय.”

“वेळ नव्हता.”

“दसऱ्याच्या आदी बैठक झाली. दिवाळी करून तुमी पुन्याला गेला. म्या रोज तुमच्या दारावरनं सायकल काढतोय, मुन्शीजी. वेळ नव्हता व्हय?”

मुन्शींनी टोपी काढून हातात घेतली.

“म्या दिल्या असत्या,” बाबू म्हणाला. “मागितल्या असत्या तर सगळ्या दिल्या असत्या. आता त्या दिल्या न्हाईत. गेल्या.” आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

त्यानंतर तो मंडळात आला नाही. करारामुळं आमचे प्रयोग तसेही बंद झाले. तो मुन्शींच्या दारावरून जायचा, पण घंटी वाजवायचा नाही. पत्र उंबऱ्यावर टाकायचा. गावात काहीजण बोलू लागले की मुन्शींनी कंपनीकडून पैसे खाल्ले आणि बाबूला बाजूला सारलं. हे बोलणाऱ्यांत आमच्या मंडळातलेच दोघे होते, ज्यांच्या ओळी त्या बावन्नांत होत्या आणि ज्यांना स्वतःची एकही ओळ आठवत नव्हती. मला संताप येई. मी मुन्शींना म्हणालो, “खरं काय ते सांगून टाकू या.”

“दुसरा हप्ता आला का?”

“नाही.”

“मग तोंड बंद.”

वहिनी पहिल्या हप्त्यावर जूनमध्ये अंबाजोगाईला गेल्या. त्यांना मी सांगितलं की वहीत जसं होतं तसं वाचलं. त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. चित्र तयार झालं, पुण्या-मुंबईकडं लागलं. मी कंपनीला पत्रं लिहीत होतो. सतरा लिहिली, पोचपावतीसकट. शेवटी चौदा महिन्यांनी रजिस्टर पाकीट आलं. अर्थात बाबूच घेऊन आला. सहीसाठी कागद पुढं करत म्हणाला, “घ्या. माज्या वळीचं पैसं आलं.”

आत धनादेश होता साडेतेराशेचा. सोबत चिठ्ठी : ‘वाचकाचा चार दिवसांचा भोजन-निवास व प्रवास, वजा दीडशे.’

मी प्रत्यक्ष खर्च जाणत होतो. दोघांचा मिळून एक्केचाळीस रुपये, तोही आम्हीच भरला होता. चिठ्ठी मुन्शींना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग एवढ्या हळू आवाजात बोलले की मला भीती वाटली. “माझं जेवण? वहिनींच्या पैशातून?”

“मी अठरावं पत्र लिहितो.”

“काही लिहू नका. परत चौकशी निघाली तर हेही जाईल.” त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. “तीन हजारांसाठी खोटी नक्कल केली मी, हिशेबनीस. मग तीन हजारच झाले पाहिजेत. एकोणतीसशे नाहीत, एकोणतीसशे नव्याण्णवही नाहीत.”

त्यांचा पगार एकशे दहा होता. पन्नास-पन्नास असे तीन वेळा करून त्यांनी दीडशे मला आणून दिले, आणि कंपनीचे म्हणून पाठवायला सांगितलं. शेवटचे पन्नास दिल्याच्या चौथ्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात टुरिंग टॉकीजच्या तंबूवर ते चित्र लागलं.

पहिल्या खेळाला सगळं गाव लोटलं. मी आणि मुन्शी खुर्च्यांत होतो. बाबू पुढं जमिनीवर, पाठमोरा. पाट्या सुरू झाल्या. कथा, संवाद, सगळीकडं पुण्याच्या कुणा गृहस्थाचं नाव. तळाला बारीक अक्षरांत : ‘एका नाटकावरून’.

मुन्शी उभे राहिले. “कुणाच्या नाटकावरून? नाव नाही त्याला? अनंत मास्तरांच्या! धाराशिवच्या!”

लोकांनी माना वळवल्या. “बसा वं मुन्शीजी!” कुणी हसलं. ते बसले. मला वाटलं संपलं. मग चित्र तिसऱ्या अंकात शिरलं, पडद्यावरच्या मामानं लग्नघरातल्या म्हातारीला उत्तर दिलं, तंबू हसला, आणि त्या हसण्याच्या वर मुन्शींचा आवाज चढला : “ही बाबूची! प्रयोग येडशीचा!” पुढची ओळ. “बाबूची! तुळजापूर!” त्यापुढची. “ही मास्तरांची!” वही हातात नव्हती, तरी एक नाव चुकलं नाही, एक गाव चुकलं नाही. ज्या दोघांनी मुन्शींबद्दल कंड्या पिकवल्या होत्या त्यांची नावंही तितक्याच खणखणीत आवाजात घेतली. मध्येच दोन ओळी आल्या तेव्हा मात्र ते गप्प बसले. मला माहीत होतं त्या कुणाच्या ते.

रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा तंबूवाला तणतणत आला. “मुन्शीजी, येड लागलं का? लोक पैसे देऊन आलेत! माझा धंदा आहे!”

“आणि माझा दुरुस्तीचा,” मुन्शी म्हणाले. ते घामानं भिजले होते, आवाज बसला होता, पण राग तसाच. “नकलेत चूक राहिली तर ती भर कचेरीत वाचून दुरुस्त करायची असते. हीच कचेरी. इथं सगळे पक्षकार हजर आहेत.”

“मग भाईर जाऊन करा! उठा!” त्यानं त्यांच्या कोटाला हात घातला.

पुढून बाबू उठून आला. सोळा महिन्यांत तो मुन्शींच्या इतक्या जवळ आला नव्हता. त्यानं मुन्शींकडं बघितलंसुद्धा नाही. तंबूवाल्याचा हात कोटावरून काढला आणि म्हणाला, “आज जातील त्ये. उद्याचं एक तिकीट फाड. खुर्चीचं.”

“कुनाला?”

“ह्यास्नी. ह्यांचं निम्मं वाचायचं ऱ्हायलंय.”

“अन् उद्या परत वरडले म्हंजे?”

“मग परवाचंबी फाड.”

मुन्शी बसलेल्या घशानं त्याच्यावर खेकसले, “माझं नाही, बाबूराव. तुमचं राहिलंय.” आणि टोपी नीट करून, लोकांच्या पायांतून वाट काढत, कुणाची माफी न मागता तंबूबाहेर गेले. त्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली आणि दोन वर्षांनी तिकडंच ते वारले. उरलेल्या ओळी त्यांनी पुढच्या दोन दिवसांत वाचल्या. तेव्हा मी नव्हतो, मार्चअखेरीच्या कामात होतो.

दिलेल्या रकमा अशा. इंदिरावहिनींना कंपनीकडून दोन हजार आठशे पन्नास, मुन्शींकडून दीडशे. बाबूला कंपनीकडून काही नाही. आणि तंबूवाल्याला बाबूकडून, दोन दिवसांच्या खुर्चीचे, रोख एक रुपया चार आणे.